गर्भस्थ बालकाचे हृदय आणि त्याचा वैद्य

बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या मंडळींचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. बाळ रडले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. कोणी पेढे आणावयास धावतो, कोणी पत्रिकेसाठी घड्याळ पाहून ठेवतो. परंतु त्या पहिल्या रडण्याच्या वेळी बाळाच्या छातीत केवढी उलथापालथ चाललेली असते याची बाहेरच्यांना कल्पना नसते. नऊ महिने एका रीतीने चाललेले रक्ताभिसरण त्या थोड्या वेळात दुसऱ्या रीतीवर जावयाचे असते. बहुतेक बाळे हा बदल सहज पार पाडतात. परंतु ज्यांच्या हृदयाची घडणच सदोष आहे अशा काही बाळांचा खरा धोका तेथूनच सुरू होतो, आणि पोटात असेपर्यंत त्या धोक्याची कसलीही खूण आईला जाणवत नाही. ती खूण आधी शोधून काढणारा वैद्य आता आपल्या देशात आहे. त्याला गर्भहृदयतज्ज्ञ म्हणतात. त्याचे काम काय, त्याच्याकडे केव्हा जावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षावे, हे आपल्या ट्रस्टाच्या कुटुंबांना ठाऊक असावे एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. पोटातील बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेच्या द्वारे आणि नाळेवाटे. तेव्हा सारे रक्त फुप्फुसांकडे धाडण्याचे कारणच नसते. म्हणून निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात झडपेसारखे एक भोक असते, ही एक. फुप्फुसांकडे जाणारी धमनी आणि सर्व शरीराला रक्त पुरविणारी महाधमनी यांना जोडणारी एक आखूड नळी असते, ही दुसरी. डॉक्टर मंडळी तिला ‘डक्टस’ म्हणतात. आपल्या हुबळीत औद्योगिक व्हॉल्व्ह तयार होतात. तारिहाळच्या वसाहतीत काम करणाऱ्या वाचकांना बायपास म्हणजे काय हे सांगावयास नको. मुख्य यंत्र बंद असले की प्रवाह बाजूच्या नळीने वळवितात, तशीच ही योजना आहे. फरक इतकाच की कारखान्यातील बायपास माणूस हाताने बंद करतो आणि हा आपोआप बंद होतो. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उघडतात, रक्तातील प्राणवायू वाढतो, वारेचा संबंध सुटतो आणि डक्टस आकसू लागते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ती बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटून जाते.

आता एखाद्या बाळाची फुप्फुसाकडे जाणारी झडप मुळात उघडलेलीच नाही असे धरा. पोटात असताना त्याचे काही बिघडत नाही, कारण फुप्फुसांचे कामच नसते. जन्मानंतर फुप्फुसांना जे काही रक्त मिळते ते त्या डक्टसमधून उलट्या वाटेने. ती मिटू लागली की बाळ निळे पडू लागते. दुसऱ्या एका दोषात हृदयाची डावी बाजूच खुरटलेली असते. तेथे सर्व शरीराचा रक्तपुरवठा डक्टसवर लोंबकळत असतो. तिसऱ्या एका दोषात दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते. अशुद्ध रक्त शरीरात व शुद्ध रक्त फुप्फुसांतच फिरत राहते, आणि दोहोंची थोडीबहुत मिसळ होते ती त्या दोन आडवाटांनीच. अशी बाळे जन्मतः चांगली दिसतात, वजनाने भरलेली असतात, रडतात. पहिल्या दिवशी सर्व आनंदीआनंद, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध ओढत नाही, अंग गार पडले, श्वास लागला, अशी धावपळ. पूर्वी घरोघरी ‘बाळ चांगले होते, अचानक गेले, दृष्ट लागली’ असे सांगितले जाई. त्यांतील काही बाळे तरी याच कारणाने गेली असतील, असे मला वाटते.

डक्टसचे हे महत्त्व ज्यांनी प्रथम नीट ओळखले त्यांत अमेरिकेतील बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग या विदुषीचे नाव अग्रभागी आहे. त्यांना ऐकू कमी येत असे. म्हणून मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनी हृदयाची स्पंदने समजून घेण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. निळ्या बाळांपैकी काहींची प्रकृती डक्टस मिटताच ढासळते हे त्यांच्या लक्षात आले. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस या शल्यविशारदाने १९३८ साली उघडी राहिलेली डक्टस बांधून बंद केली होती. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या की आपण ती बंद करता, मग नवी तयार करता येईल काय? ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही. पुढे आल्फ्रेड ब्लेलॉक व त्यांचे साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांच्या मदतीने १९४४ च्या नोव्हेंबरात ती शस्त्रक्रिया झाली. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास येथून वेगाने पुढे जातो. १९६६ साली विल्यम रॅशकिंड यांनी फुग्याच्या नळीने वरच्या पडद्यातील भोक मोठे करण्याची युक्ती काढली, १९७५ साली ब्राझीलमध्ये अदिब जातेने यांनी अदलाबदल झालेल्या धमन्या जागच्या जागी जोडून दाखविल्या, आणि त्याच दशकात प्रोस्टाग्लँडिन या औषधाने डक्टस काही दिवस उघडी ठेवता येते हे सिद्ध झाले. म्हणजे उपाय हाती आले. अडचण राहिली ती वेळेची. दोष कळेपर्यंत बाळ हातचे जात असे.

ही अडचण ध्वनिलहरींनी सोडविली. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटाच्या सोनोग्राफीवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. १९८० च्या सुमारास लंडनच्या डॉ. लिंडसे ॲलन यांनी गर्भातील हृदयाचे कप्पे पडद्यावर एकेक ओळखून दाखविण्याचे शास्त्र उभे केले. आपल्याकडे हे काम आता मोठ्या शहरांत चालते. कोचीच्या अमृता रुग्णालयात डॉ. बालू वैद्यनाथन यांनी गर्भहृदयाचा विभाग नावारूपास आणला. मुंबईत कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयाच्या बालहृदयरोग विभागाशी डॉ. स्नेहल कुलकर्णी हे आपल्या भाषेतील नाव जोडलेले आहे.

या तपासणीला ‘फीटल इको’ म्हणतात. ती नेहमीच्या सोनोग्राफीसारखीच, पोटावर जेल लावून करतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. गर्भधारणेनंतर सुमारे बाविसाव्या दिवशी हृदयाचा पहिला ठोका पडतो आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चारही कप्पे तयार झालेले असतात, परंतु ते इतके लहान की नीट दिसत नाहीत. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यांत ते द्राक्षाएवढे होते. महाधमनीची झडप तेव्हा सुमारे ३ मिलिमीटर असते, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान. ते हृदय मिनिटाला सुमारे १४० ठोके टाकीत असते आणि त्याचा धनी सारखा कुशी बदलीत असतो. अशा स्थितीत डॉक्टर प्रथम बाळाचे डोके कोणीकडे व पाठ कोणीकडे हे पाहून डावे-उजवे ठरवितात; मग चार कप्पे सारखे आहेत काय, मधला पडदा सलग आहे काय, दोन मोठ्या धमन्या योग्य कप्प्यांतून निघून एकमेकींना ओलांडतात काय, हे पाहतात. ही शेवटची पायरी महत्त्वाची. धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाचे चार कप्पे अगदी सुरेख दिसू शकतात. केवळ कप्पे पाहून ‘सर्व ठीक’ म्हणणाऱ्याच्या हातून हा दोष निसटतो. बाळाने पाठ फिरविली असेल तर आईला थोडे चालून येण्यास सांगतात. अर्धा-पाऊण तास लागला तर घाबरू नये. वेळ लागणे म्हणजे दोष असणे नव्हे.

हे तज्ज्ञ फार थोडे आहेत, तेव्हा प्रत्येक गर्भवतीने त्यांच्याकडे धावण्याचे कारण नाही. आईला गर्भारपणाआधीपासून मधुमेह असेल, आधीच्या मुलाला किंवा आईबापांपैकी कोणाला जन्मजात हृदयदोष असेल, आईला ल्यूपससारखा संधिवाताच्या जातीचा विकार असेल, फेफऱ्याची किंवा मानसिक आजाराची काही विशिष्ट औषधे चालू असतील, अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागील द्रव अधिक दिसला असेल, तर जरूर जावे. जवळच्या नात्यात झालेल्या लग्नांतही या दोषांचे प्रमाण काहीसे अधिक आढळते. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची आणि काही समाजांत मामा-भाचीच्या लग्नाची चाल आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. यात कोणाचा अधिक्षेप नाही. अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात. डॉक्टरांनी नाते विचारले तर लाजून लपवू नये, एवढेच.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हृदयदोष असलेली बहुसंख्य बाळे ज्यांच्यात यांतले एकही कारण नाही अशाच आयांना होतात. दर हजारी सुमारे आठ ते दहा बाळांत काही ना काही हृदयदोष असतो. त्यांतील कित्येक दोष किरकोळ, आपोआप भरून येणारे असतात, आणि सुमारे चौथा हिस्सा पहिल्या वर्षातच इलाज मागणारे असतात. तेव्हा खरी चाळणी म्हणजे पाचव्या महिन्यातील नेहमीची सोनोग्राफी होय. ती अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत व्हावी. आपल्याकडे ‘आता कशाला, सातव्यात एकदम करू’ असे म्हणणारी वडील माणसे अजून आहेत. सातव्या महिन्यात बाळ मोठे झालेले असते, बरगड्यांची सावली पडते, हृदय नीट दिसत नाही, आणि दिसले तरी निर्णयाला वेळ उरलेला नसतो.

वेळ आणि ठिकाण, या दोन गोष्टींसाठीच हा सारा खटाटोप आहे. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ साली धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळांचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. दोष जन्मानंतर कळला अशी २५० बाळे होती. त्यांतील १५ शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलीच नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतरही आणखी २० गेली. दोष पोटात असतानाच कळला अशी ६८ बाळे होती. त्यांतील एकही दगावले नाही. शल्यविशारद तेच, रुग्णालय तेच. फरक होता तो बाळ कोठे जन्मले व जन्मताच त्याच्यापाशी कोण उभे होते याचा.

हुबळी-धारवाडकडच्या माणसाला या आकड्यांचा अर्थ लगेच कळावा. नवजात बाळाच्या अवघड शस्त्रक्रियेसाठी या भागातील कुटुंबे बहुधा बंगळूरची वाट धरतात. ते अंतर ४०० किलोमीटरांहून अधिक आहे. निळे पडत चाललेले दोन दिवसांचे बाळ घेऊन, बाळंतीण येथे टाकून, रुग्णवाहिकेतून तेवढा प्रवास करणे आणि आठव्या महिन्याच्या शेवटी आईने आगगाडीत बसून स्वस्थपणे तेथे जाऊन राहणे, यांत किती अंतर आहे! आईच्या पोटातून होणाऱ्या प्रवासाइतका सुरक्षित प्रवास अशा बाळाला दुसरा नाही. शिवाय अशा बाळांसाठी सिझेरियनच हवे असा एक समज आहे, तोही बरोबर नाही; बहुतेकांचे बाळंतपण नैसर्गिक रीतीने होऊ शकते, मात्र ठिकाण व दिवस आधी ठरलेला असावा.

येथे आपल्या एका चालीचा विचार केला पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी. पाचव्या महिन्यातील तपासणी सासरी हुबळीत होते, डोहाळजेवण होते, आणि सातव्यात मुलगी बेळगावकडे, कारवारकडे किंवा कोल्हापुराकडच्या खेड्यात माहेरी जाते. साडीचोळी, फुलांचे दागिने, सर्व काही बरोबर जाते. कागद मात्र सासरच्या कपाटात राहतात! माहेरच्या डॉक्टरांना नव्याने सुरुवात करावी लागते. दोष आढळलेला असेल तर माहेरपण हे बाळंतपणानंतर करावे, असे मी स्पष्टच म्हणेन. माहेरच्या माणसांनी रुग्णालयाच्या गावी येऊन राहावे. आणि दोष नसला तरी कागद मुलीबरोबर गेलेच पाहिजेत.

आता कायद्याविषयी. रुग्णालयात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी पाहून काही जणांचा समज होतो की पोटातील बाळाविषयी काही विचारणेच गुन्हा आहे. तसे नाही. १९९४ चा कायदा लिंग सांगण्यास व विचारण्यास मनाई करतो. जन्मजात व्यंग शोधण्यास तो परवानगीच देतो, आणि त्यासाठीच अर्ज भरून घेतात. हृदय कसे आहे हे निःसंकोच विचारावे. दुसरे काही विचारू नये.

दुसरा कायदा अधिक नाजूक आहे. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याच्या बाळाच्या हृदयात पूर्ण ‘हार्ट ब्लॉक’ असल्याचे निदान झाले. वरच्या कप्प्यांचा ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांना पोहोचत नव्हता. गर्भपाताची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती आणि ती उलटून गेलेली होती. आपल्या डॉक्टरांसह, म्हणजे डॉ. निखिल दातार यांच्यासह, त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात परवानगी मागितली. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने ती नाकारली. त्याच महिन्यात गर्भ आपोआपच पडला. त्या वेळी वर्तमानपत्रांतून या आईबद्दल पुष्कळ उलटसुलट लिहिले गेले. मला त्यात दिसते ते असे की अठराव्या आठवड्यापासून दिसू लागणाऱ्या हृदयाबद्दलचा निर्णय विसाव्या आठवड्याच्या आत करा, असे तो कायदा सांगत होता. तपासणी, दुसरे मत, घरातील विचारविनिमय यांना जेमतेम दोन आठवडे! २०२१ साली कायदा सुधारला. काही विशिष्ट वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांची झाली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळू शकते.

तथापि गर्भहृदयतज्ज्ञाचे काम म्हणजे गर्भपाताचा सल्ला, असे कोणी समजू नये. त्याचे काम खरे सांगण्याचे आहे. दोष कोणता, शस्त्रक्रिया किती व केव्हा, त्यानंतर मूल शाळेत जाईल काय, खेळेल काय, खर्च किती, हे सर्व त्याने आईबापांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे असते, आणि ठरवावयाचे असते ते त्या दोघांनी. या वेळी खोलीत दहा नातेवाईक नसावेत. एकदा ऐकून समजले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

काही दोषांवर तर पोटातच इलाज चालतो. बाळाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर धावू लागले तर आईला गोळ्या देतात. औषध वारेतून बाळापर्यंत जाते आणि ठोके ताळ्यावर येतात. वर सांगितलेला हार्ट ब्लॉक पुष्कळदा आईच्या रक्तातील विशिष्ट प्रतिद्रव्यांमुळे होतो. अशा आईच्या पुढच्या गर्भारपणात सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या ठोक्यांवर पहारा ठेवतात. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात आईच्या पोटातून सुई नेऊन बाळाच्या हृदयाची आवळलेली झडप फुग्याने उघडण्यात आली. असे प्रसंग विरळा, आणि त्यांची बातमी होते म्हणून तोच नित्याचा उपाय समजू नये.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बाळाच्या हृदयात दोष आहे असे कळले की पहिला प्रश्न येतो, ‘हिने ग्रहणात विळी हातात धरली होती काय?’ सुनेकडे बोट दाखविणे सोपे असते. वर सांगितलेला हिशेब पाहा. आठव्या आठवड्याच्या सुमारास हृदय घडून चुकलेले असते. तोपर्यंत कित्येक स्त्रियांना आपल्याला दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. पाचव्या महिन्यातील ग्रहणाने, जिना चढल्याने किंवा पपई खाल्ल्याने पडद्याला भोक पडत नाही. बहुतेक दोषांचे कारण सांगताच येत नाही. जी थोडी कारणे ज्ञात आहेत त्यांत रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, हे एक आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली तो संबंध दाखविला. त्यावर लस आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुलांसाठी गोवर-रुबेला लसीची मोहीम निघाली तेव्हा आरंभीच्या राज्यांत कर्नाटक व गोवा होते. मुलींना ती लस लग्नापूर्वीच मिळालेली असावी. गर्भारपणात ती देत नाहीत.

सोनोग्राफी चांगली झाली तरी सर्वच दोष पोटात दिसतात असे नाही. म्हणून जन्मानंतर दुसऱ्या दिवशी, घरी सोडण्यापूर्वी, बाळाच्या उजव्या हाताला व एका पायाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजून घ्यावा. दोन मिनिटांचे काम आहे. घरी आल्यावर दूध ओढताना कपाळावर घाम येणे, थोडे पिऊन दमून सोडणे, जीभ व ओठ निळे दिसणे, ही लक्षणे गुटी उगाळीत बसण्याची नव्हेत.

खर्चाची धास्ती सर्वांनाच असते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करावी. नवी मुंबईत खारघर येथील सत्यसाई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. केरळ सरकारने २०१७ साली ‘हृद्यम’ नावाची योजना काढून अशा मुलांची नोंदच ठेवण्यास आरंभ केला.

परंतु शस्त्रक्रिया फुकट झाली तरी गाडीभाडे, खोलीचे भाडे आणि बुडालेला रोज फुकट नसतो. अशा आईला बाळंतपणापूर्वी दोन-तीन आठवडे व नंतर महिनाभर परगावी राहावे लागते, बरोबर एक बाईमाणूस लागते आणि कमावत्या माणसाची रजा जाते. महोत्सवाच्या वर्षात विश्वस्त मंडळींनी या एका कामासाठी लहानशी रक्कम बाजूस काढावी, आणि बंगळुरात आपल्यापैकी ज्यांची घरे आहेत अशांपैकी कोण एक खोली देऊ शकेल याची यादी करून कार्यालयात ठेवावी, अशी माझी सूचना आहे.